विश्लेषण : निकालाच्या दिवशी सर्व्हर का ‘बसतो’? डेटाबेसच्या मेमरीचे गणित काय सांगते?

दहावी-बारावीचा निकाल असो, अकरावीची प्रवेशयादी असो वा जीएसटी विवरणपत्राची शेवटची तारीख. ऐन गरजेच्या वेळी ‘सर्व्हर डाऊन’चा अनुभव मुंबईकरांना नवा नाही. ‘मोठा सर्व्हर का घेत नाहीत’ हा त्यावरचा ठरलेला प्रश्न. मात्र सर्व्हर कोलमडतो तेव्हा अनेकदा माहिती फार असते असे नाही. एकाच वेळी आलेली गर्दी आणि त्या गर्दीसाठी राखून ठेवलेली मेमरी यांचा हिशेब चुकलेला असतो. हा हिशेब कागदावर आधीच मांडता येतो. तो कसा मांडतात, कुठे चुकतो आणि चुकला की काय होते, याविषयी.

१६ जुलै २०२१ रोजी काय घडले?

करोनामुळे त्या वर्षी दहावीची लेखी परीक्षा रद्द झाली होती. अंतर्गत मूल्यमापनावर आधारित निकाल राज्य मंडळाने १६ जुलै रोजी जाहीर केला. राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला. सुमारे पावणेसोळा लाख विद्यार्थ्यांना दुपारी एकपासून तो ऑनलाइन पाहता येणार होता. प्रत्यक्षात संकेतस्थळ उघडेना. बोरिवली असो वा मुलुंड, गडचिरोली असो वा सावंतवाडी, विद्यार्थी आणि पालक अनेक तास मोबाइलवर तेच पान पुन्हा पुन्हा उघडून पाहत राहिले. त्यानंतर ३ ऑगस्टला बारावीचा निकाल लागला, तेव्हा तो एकाच वेळी अनेक संकेतस्थळांवर उपलब्ध करून देण्यात आला.

संकेतस्थळ बंद पडण्याची कारणे अनेक असू शकतात. नेटवर्क अपुरे पडते, वेब सर्व्हर थकतो, सॉफ्टवेअरमध्ये दोष असतो किंवा मागे असलेला डेटाबेस गुदमरतो. यांपैकी डेटाबेसच्या मेमरीचा अंदाज बऱ्यापैकी अचूक आणि आगाऊ बांधता येतो. तरीही तोच सर्वाधिक दुर्लक्षित राहतो.

पावणेसोळा लाख निकालांना जागा किती लागते?

एका विद्यार्थ्याचे नाव, आईचे नाव, बैठक क्रमांक, विषय आणि गुण हे सारे मिळून फार तर १ किलोबाइट, म्हणजे १ केबी धरता येईल. १६ लाख विद्यार्थ्यांचे झाले सुमारे १.६ जीबी. आज साध्या स्मार्टफोनमध्येही ४ ते ८ जीबी रॅम असते. म्हणजे संपूर्ण महाराष्ट्राचा दहावीचा निकाल एका विद्यार्थ्याच्या खिशातल्या फोनच्या मेमरीत मावू शकतो! मग सर्व्हरला तो का झेपू नये? याचे उत्तर डेटाबेस मेमरी कशी वाटून घेतो यात आहे.

डेटाबेसला मेमरी लागते कशासाठी?

किराणा दुकानाचे उदाहरण घेऊ. दुकानदाराचा सगळा माल मागच्या गोदामात असतो. रोज खपणारा माल मात्र हाताशी, मांडणीवर असतो. डेटाबेसची डिस्क म्हणजे गोदाम आणि रॅम म्हणजे मांडणी. रॅममधून माहितीचा तुकडा उचलायला ढोबळमानाने १०० नॅनोसेकंद लागतात, एसएसडीवरून १०० मायक्रोसेकंद आणि फिरत्या हार्ड डिस्कवरून १० मिलिसेकंद. हे आकडे सेकंदापेक्षा फारच लहान असल्याने फरक लक्षात येत नाही. म्हणून मांडणीवरून वस्तू काढायला एक सेकंद लागतो असे समजू. त्याच प्रमाणात एसएसडीच्या गोदामातून आणायला सुमारे १७ मिनिटे लागतील आणि हार्ड डिस्कमधून आणायला एक दिवसाहून अधिक. ‘निदान दर पाच मिनिटांनी लागणारी माहिती मेमरीतच ठेवणे परवडते’ असा ठोकताळा जिम ग्रे आणि फ्रँको पुत्झोलू या संगणकतज्ज्ञांनी १९८७ मध्ये मांडला होता. यंत्रांच्या किमती बदलल्या, पण त्यामागचा विचार आजही तोच आहे.

मात्र दुकानात मांडणी एवढेच नसते, काउंटरही असतो. प्रत्येक गिऱ्हाईक आले की त्याचा माल मांडायला, तोलायला काउंटरवर थोडी जागा लागते. डेटाबेसमध्येही तसेच आहे. मेमरीचा एक भाग सर्वांसाठी सामाईक असतो. दुसरा भाग प्रत्येक जोडणीला, म्हणजे ‘कनेक्शन’ला स्वतंत्र द्यावा लागतो. मांडणी एकदाच लावायची असते. काउंटरची जागा मात्र गिऱ्हाइकांच्या संख्येने गुणावी लागते. चूक होते ती या गुणाकारात.

अंदाज कसा बांधतात?

सूत्र सोपे आहे : सामाईक मेमरी, अधिक एका कनेक्शनची मेमरी गुणिले कनेक्शनची संख्या, अधिक ऑपरेटिंग सिस्टीमसाठी राखीव जागा. ही बेरीज यंत्राच्या रॅमपेक्षा कमी असली पाहिजे.

समजा, घाटकोपरमधील एका औषध वितरकाने उपनगरांतल्या केमिस्टांकडून ऑर्डर घेण्यासाठी ॲप सुरू केले. मागे मायएसक्यूएल डेटाबेस आहे आणि सर्व्हरला १६ जीबी रॅम आहे. मायएसक्यूएलच्या सामाईक मेमरीला ‘बफर पूल’ म्हणतात. मूळ मांडणीत तो केवळ १२८ एमबी असतो, म्हणजे नवा सर्व्हर घेऊन काहीच न बदलल्यास बहुतेक रॅम डेटाबेसच्या कामीच येत नाही. यंत्र फक्त डेटाबेससाठी असेल तर रॅमचा ६० ते ७५ टक्के भाग बफर पूलला देण्याची पद्धत आहे. येथे तो १० जीबी ठेवला असे धरू. नोंदी ठेवण्यासाठी डेटाबेस त्यावर सुमारे १० टक्के आणखी घेतो. म्हणजे झाले ११ जीबी. ऑपरेटिंग सिस्टीम, बॅकअप आणि देखरेखीची सॉफ्टवेअर यांना २ जीबी. उरले ३ जीबी.

आता काउंटरची जागा. मायएसक्यूएलच्या अलीकडच्या आवृत्त्यांत एका कनेक्शनला थ्रेडसाठी १ एमबी, क्रमवारी लावण्यासाठी पाव एमबी, दोन तक्ते जोडण्यासाठी पाव एमबी आणि वाचनासाठीचे लहान बफर, असे साधारण २ एमबी लागू शकतात. मोठ्या प्रश्नासाठी मेमरीत तात्पुरता तक्ता तयार करावा लागला तर त्याची मूळ मर्यादा १६ एमबी. एकूण १८ एमबी. एकाच वेळी किती कनेक्शन स्वीकारायची याची मूळ मर्यादा १५१ आहे. १५० गुणिले १८ म्हणजे सुमारे २.६ जीबी. हिशेब जेमतेम जमला.

मग चूक कुठे होते?

ॲप लोकप्रिय झाले. एके दिवशी ‘टू मेनी कनेक्शन्स’ असा संदेश दिसू लागला. कुणी तरी कनेक्शनची मर्यादा १५० वरून ५०० वर नेली. संदेश थांबला, सगळे खूश झाले. पण ५०० गुणिले १८ म्हणजे जवळपास ८.८ जीबी. बेरीज गेली पावणेबावीस जीबीच्या आसपास, आणि यंत्रात आहेत १६.

पुढे अहवाल संथ येतात म्हणून क्रमवारीचा आणि तक्ते जोडण्याचा बफर प्रत्येकी १६ एमबी केला. एका कनेक्शनची मेमरी १८ वरून ४९ एमबीवर गेली. ५०० कनेक्शनसाठी सुमारे २४ जीबी. आता कागदावरची एकूण मागणी ३७ जीबी!

गंमत म्हणजे त्या दिवशी काहीही बिघडत नाही. सर्व कनेक्शन एकाच वेळी आपला पूर्ण वाटा मागत नाहीत, त्यामुळे महिनोन् महिने सर्व्हर सुरळीत चालतो. ही रक्कम म्हणजे उधारीवर दिलेली वचने असतात. महिनाअखेरीस किंवा विवरणपत्राच्या २० तारखेला सगळे एकदम दारात उभे राहिले की ती वचने पाळता येत नाहीत. शिवाय हे सूत्रही वरची मर्यादा नव्हे. एकाच प्रश्नात अनेक तक्ते जोडायचे असतील तर एका कनेक्शनला एकाहून अधिक बफर लागू शकतात.

इतकी कनेक्शन येतात कुठून?

याचे उत्तर १९६१ मध्ये जॉन लिटल यांनी सिद्ध केलेल्या नियमात आहे. दुकानात एका वेळी असलेली माणसे म्हणजे दर सेकंदाला येणारी माणसे गुणिले प्रत्येकाला लागणारा वेळ. रांग कोणतीही असो, बँकेची वा तिकीट खिडकीची, तिला हा नियम लागू होतो.

निकालाच्या दिवशी पहिल्या १० मिनिटांत पाच लाख जणांनी निकाल पाहिला असे धरू. म्हणजे सेकंदाला साधारण ८३३ जण. प्रत्येकाचे उत्तर ५ मिलिसेकंदांत मिळत असेल तर एका क्षणी डेटाबेसमध्ये असतील फक्त चार ते पाच जण. उत्तराला एक सेकंद लागला तर ८३३. तीन सेकंद लागले तर अडीच हजार. गर्दी तीच, माहिती तीच. केवळ उत्तराचा वेळ वाढल्याने मेमरीची मागणी शेकडो पटींनी वाढते.

येथे इंडेक्सचे महत्त्व कळते. मायएसक्यूएल माहिती १६ केबीच्या पानांत ठेवते. १.६ जीबी निकालाची झाली सुमारे एक लाख पाने. बैठक क्रमांकावर इंडेक्स असेल तर हवा तो विद्यार्थी साधारण तीन पाने उलटून सापडतो. इंडेक्स नसेल तर प्रत्येक विद्यार्थ्यासाठी लाख पाने चाळावी लागतात. अशा वेळी कितीही रॅम घातली तरी ती अपुरीच पडते. म्हणून अनुभवी प्रशासक मेमरीचे आकडे बदलण्याआधी संथ प्रश्नांची यादी मागतात.

मेमरी संपली की नेमके काय होते?

आधी लिनक्ससारखी ऑपरेटिंग सिस्टीम रॅममधला काही भाग डिस्कवर हलवते. याला ‘स्वॅप’ म्हणतात. मांडणीवरचा माल गोदामात ठेवायचा आणि गिऱ्हाईक आले की परत आणायचा, असा हा प्रकार. मेमरीतून येणारी उत्तरे आता डिस्कच्या गतीने येतात. उत्तर लांबले की लिटल यांच्या नियमाने कनेक्शन वाढतात; ती वाढली की मेमरी आणखी कमी पडते. त्यात मोबाइलवर वाट पाहणारा विद्यार्थी दर काही सेकंदांनी ‘रिफ्रेश’ करतो. त्याचा जुना प्रश्न डेटाबेसमध्ये अजून रेंगाळत असतोच, वर नवा येऊन पडतो.

शेवटी जागाच उरली नाही की लिनक्सचा ‘आउट ऑफ मेमरी किलर’ जागा होतो आणि एखादा प्रोग्राम बंद करून मेमरी मोकळी करतो. सर्वाधिक मेमरी खाणारा प्रोग्राम बहुधा त्याचे लक्ष्य ठरतो. डेटाबेस सर्व्हरवर तो अर्थातच डेटाबेस असतो. तो पुन्हा सुरू होतो खरा, पण अर्धवट राहिलेले व्यवहार निस्तरत आणि रिकाम्या मांडणीनिशी. आता प्रत्येक प्रश्न गोदामात जातो. बाहेर गर्दी तशीच असते. त्यामुळे सर्व्हर उठतो, पडतो, पुन्हा उठतो. ‘एकदा साइट उघडली होती, पण लगेच गेली’ ही तक्रार अनेकदा याच चक्रातून आलेली असते.

पोस्टग्रेसचे गणित वेगळे आहे का?

सूत्र तेच, वाटणी वेगळी. पोस्टग्रेस हा मोफत उपलब्ध असलेला दुसरा लोकप्रिय डेटाबेस. त्याची सामाईक मेमरीही मूळ मांडणीत १२८ एमबी असते. पण ती रॅमच्या सुमारे २५ टक्क्यांवर नेणे ही सुरुवात मानली जाते. बाकीचे काम हा डेटाबेस ऑपरेटिंग सिस्टीमच्या स्वतःच्या साठवणीवर सोपवतो. मायएसक्यूएलचा ७५ टक्क्यांचा ठोकताळा येथे जसाच्या तसा लावणे चुकीचे ठरते.

खरा धोका ‘वर्क मेम’ या आकड्यात असतो. तो मूळचा ४ एमबी. अनेकांना वाटते की ही एका कनेक्शनची मर्यादा आहे. तशी ती नाही. एकाच प्रश्नात क्रमवारी आणि जोडणीच्या चार पायऱ्या असतील तर प्रत्येक पायरीला स्वतंत्र वाटा मिळतो, आणि काही पायऱ्यांना नव्या आवृत्त्यांत दुप्पटही मिळू शकतो. वर्क मेम ६४ एमबी केला, पायऱ्या चार आणि कनेक्शन १०० असली तर कागदावरची मागणी २५ जीबी होते. त्यामुळे हा आकडा सगळ्यांसाठी लहान ठेवून रात्रीच्या मोठ्या अहवालापुरता वाढवणे शहाणपणाचे.

मोजायचे काय आणि केव्हा?

मोजणी गर्दीच्या वेळीच करावी. दुपारी तीनच्या निवांत वेळेतला आकडा २० तारखेच्या रात्री उपयोगी पडत नाही. पहिली नोंद कनेक्शनच्या उच्चांकाची. सर्व्हर सुरू झाल्यापासून एका वेळी जास्तीत जास्त किती कनेक्शन होती, हे मायएसक्यूएल स्वतः नोंदवून ठेवतो. मर्यादा ५०० आणि उच्चांक ६० असेल तर ५०० चे वचन विनाकारण दिलेले आहे.

दुसरी नोंद मांडणीची. किती वेळा माहिती मागितली गेली आणि त्यांपैकी किती वेळा डिस्कवर जावे लागले, हे दोन आकडे तासाभराच्या अंतराने पाहावेत. डिस्कच्या फेऱ्या सतत वाढत असतील तर बफर पूल लहान आहे किंवा एखादा प्रश्न अकारण सगळा तक्ता चाळतो आहे. फेऱ्या जवळपास शून्य असतील तर बफर पूल आणखी वाढवून काही हाती लागणार नाही.

तिसरी नोंद ऑपरेटिंग सिस्टीमची. लिनक्सवर ‘फ्री’ या रकान्यातला लहान आकडा पाहून अनेक जण घाबरतात. लिनक्स मोकळी मेमरी फायलींच्या साठवणीसाठी वापरते आणि गरज पडताच परत देते. पाहायचा असतो तो ‘अव्हेलेबल’ हा रकाना. स्वॅपमध्ये थोडी माहिती पडून असणे ही चिंतेची बाब नाही. सतत आत-बाहेर चालू असेल तर मात्र धोक्याची घंटा समजावी.

बदल एका वेळी एकच करावा, आधीचा आकडा लिहून ठेवावा आणि पुढच्या गर्दीपर्यंत थांबावे. पाच आकडे एकदम बदलले की सुधारणा कशाने झाली हे कळत नाही आणि बिघाड कशाने झाला हेही.

जास्त रॅम घेणे हाच उपाय नाही का?

मुंबईत सर्व्हरच्या जागेची कमतरता नाही. अंधेरीत १९७३ पासून सीप्झ आहे, चांदिवलीत मोठी डेटा सेंटर आहेत आणि ॲमेझॉनने २०१६ मध्ये क्लाउडसाठी मुंबई विभाग सुरू केला. दुप्पट रॅमचे यंत्र आज काही मिनिटांत भाड्याने मिळते. भाडेही साधारण दुप्पट होते. रोज लागणारी माहिती खरोखरच मेमरीत मावत नसेल तर हा खर्च योग्यच. पण कनेक्शन मोकाट वाढत असतील तर दुप्पट रॅमही काही मिनिटांतच भरते.

त्याऐवजी बँकेतल्या टोकनसारखी व्यवस्था अधिक परिणामकारक ठरते. तिला ‘कनेक्शन पूल’ म्हणतात. बाहेर हजार जण असले तरी डेटाबेसच्या काउंटरवर एका वेळी ३०-४० जणांनाच सोडायचे, बाकीच्यांनी बाहेर थांबायचे. आठ कोअरच्या प्रोसेसरवर एका क्षणी आठच कामे खऱ्या अर्थाने चालतात. ५०० जणांना आत घेतल्याने काम वेगाने होत नाही, फक्त काउंटर भरतो. बाहेर थांबलेल्यासाठी जवळपास काहीच मेमरी लागत नाही आणि आतला लवकर मोकळा होतो. पोस्टग्रेससाठी पीजीबाउन्सर, मायएसक्यूएलसाठी प्रॉक्सीएसक्यूएल ही मोफत साधने हेच काम करतात.

घाटकोपरच्या त्या कल्पित वितरकाने कनेक्शनची मर्यादा पुन्हा १५० केली, वाढवलेले दोन्ही बफर मूळ आकड्यावर आणले आणि ॲपसमोर टोकनची व्यवस्था उभी केली, तर १६ जीबीचाच सर्व्हर पुरू शकतो. ऑर्डर, हिशेबाचे सॉफ्टवेअर आणि वेबसाइट हे सगळे एकाच यंत्रावर असेल तर मात्र बफर पूल आणखी लहान ठेवावा लागेल. लहान कार्यालयांत बहुधा हीच स्थिती असते आणि पुस्तकातला ७५ टक्क्यांचा नियम तेथेच अंगाशी येतो.

मग निकालाचे काय?

दहावीचा निकाल जाहीर झाल्यानंतर काही तासांत बदलत नाही. तो फक्त वाचायचा असतो. त्यामुळे प्रत्येक विद्यार्थ्यासाठी डेटाबेसला विचारण्याचीही गरज नसते. निकालाची पाने आदल्या रात्रीच तयार करून अनेक सर्व्हरवर ठेवता येतात, गर्दी अनेक संकेतस्थळांवर वाटता येते आणि डेटाबेससमोर टोकनची रांग लावता येते. १.६ जीबी माहितीसाठी राक्षसी यंत्र लागत नाही. लागते ती आदल्या आठवड्यात कागदावर केलेली एक बेरीज आणि एक गुणाकार, तसेच तेवढी गर्दी खोटी उभी करून घेतलेली चाचणी. ती केली नाही तर तो गुणाकार दुपारी एक वाजता लाखो विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर होतो.